भिंतीतल्या पिंपळाची कुळकथा

चांदवडचा रंगमहाल होळकरांचा, अहिल्याबाईंच्या काळातला. तिथलं लाकडी कोरीव काम आणि भित्तिचित्रं लोक आवर्जून पाहतात. अशा जुन्या गावांत पडक्या भिंतीला फुटलेल्या पिंपळाकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. तो कुणी लावलेला नसतो, पण त्यालाही कुळ आहे.

पिंपळाची फुलं फळाच्या पोटातच फुलतात. गांधीलमाशीच्या गोतातली एक चिमुकली माशी बारीक छिद्रातून आत शिरते, अंडी घालते आणि त्याच खटपटीत परागीभवन होतं. पिंपळाची माशी वेगळी, वडाची वेगळी, उंबराची वेगळी. ती नसेल तर बी धरत नाही. हवाई बेटांवर पिंपळाच्याच गोतातलं आपलं नांद्रुक नेऊन लावलं, तेव्हा ते वांझच राहिलं. १९३८ साली वनलागवडीला बी मिळावं म्हणून त्याची माशी तिथे मुद्दाम सोडली. पुढे नांद्रुक तिथल्या इमारतींच्या भेगांतून उगवू लागलं.

माशीनंतर पाखरांची पाळी. पिकलेल्या फळांवर साळुंक्या, बुलबुल, कोकीळ, तांबट तुटून पडतात. आपला राज्यपक्षी हरियालही थव्याने येतो, पण तो कबुतराच्या जातीचा. त्याच्या पोटात बहुतेक बिया भरडूनच निघतात. पेरणी होते ती साळुंकी-बुलबुलांच्या विष्ठेतून.

बी खसखशीएवढं. त्यात अन्नाचा साठा जवळजवळ नाहीच, त्यामुळे जमिनीवर गवताच्या सावलीत रोप टिकाव धरत नाही. भिंतीच्या सांध्यात मात्र ऊन भरपूर, स्पर्धा नाही आणि जुना चुना पावसाची ओल धरून ठेवतो. म्हणून ज्या जागी दुसरं काही जगणार नाही, तिथे पिंपळ जगतो.

पुढचं काम आपल्या श्रद्धेचं. पिंपळ तोडायला हात धजत नाही, आणि मला त्या संकोचाचा आदरच वाटतो. पण तेवढ्या काळात मूळ चिऱ्यांच्या सांध्यात शिरतं, जाड होत जातं आणि चिरे सरकतात. मग वरून छाटलं तरी बुंधा पुन्हा फुटतो. तो मरावा म्हणून जुनी माणसं त्यात हिंग भरायला सांगतात. पण रोप काढायची खरी वेळ पहिल्या पावसाळ्याची. तेव्हा चार पानांचं रोप ओल्या चुन्यातून मुळासकट अलगद निघतं आणि गायरानात नीट लावता येतं. वाडाही वाचतो, पिंपळही.