स्कोप्स खटला

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील टेनेसी राज्यात, शाळेत क्रमविकासाचा (उत्क्रांतीचा) सिद्धांत शिकविल्याबद्दल १९२५ साली एका शिक्षकावर भरण्यात आलेला खटला. सार्वजनिक शाळेत काय शिकवावे हे बहुमताने ठरवावे की त्या विषयाच्या ज्ञात्यांनी, हा प्रश्न त्यातून ऐरणीवर आला.

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत बायबलचा शब्दशः अर्थ प्रमाण मानणाऱ्या प्रॉटेस्टंट चळवळीने जोर धरला. त्याच सुमारास माध्यमिक शिक्षणाच्या प्रसारामुळे डार्विनचा सिद्धांत सामान्य घरांतील मुलांपर्यंत पोहोचू लागला. मार्च १९२५ मध्ये टेनेसीने बटलर अधिनियम संमत केला. मानवाच्या ईश्वरी निर्मितीची बायबलमधील कथा नाकारून त्याचा उद्‌भव कनिष्ठ प्राण्यांपासून झाला असे शासकीय शाळांत शिकविणे, हा त्यान्वये गुन्हा ठरला. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनने या कायद्यास आव्हान देणाऱ्या शिक्षकास साहाय्य देऊ केले. त्यानुसार डेटन येथील जॉन टॉमस स्कोप्स (१९००–७०) हा शिक्षक आरोपी होण्यास राजी झाला. त्याने वापरलेले जीवविज्ञानाचे पाठ्यपुस्तक राज्यानेच नेमलेले होते.

खटला १० ते २१ जुलै १९२५ या काळात चालला. शाळांचा खर्च जनता करते, म्हणून त्यांत काय शिकवावे हेही तिनेच ठरवावे, अशी फिर्यादी पक्षाच्या विल्यम जेनिंग्झ ब्रायनची भूमिका होती. बलवानांनी दुर्बलांना चिरडण्याचे समर्थन या सिद्धांतातून होते, अशीही त्याची धारणा होती. ही भीती सर्वस्वी निराधार नव्हती. उपर्युक्त पाठ्यपुस्तकातच सुप्रजाननाचा पुरस्कार व वंशांची उच्चनीच प्रतवारी होती. बचाव पक्षाच्या शास्त्रज्ञांची साक्ष पंचांपुढे होऊ न दिल्याने क्लॅरेन्स डॅरोने ब्रायनचीच बायबलवर उलटतपासणी घेतली. स्कोप्सला शंभर डॉलर दंड झाला. १९२७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरविला. परंतु दंडाची रक्कम पंचांऐवजी न्यायाधीशाने ठरविल्याच्या तांत्रिक कारणावरून शिक्षा रद्द केली. परिणामी संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडे जाण्याचा मार्ग खुंटला.

वृत्तपत्रांत ब्रायनचे हसे झाले, तरी कायदा टिकला आणि अनेक पाठ्यपुस्तकांतून क्रमविकासाचा उल्लेख मागे पडला. १९५७ मध्ये सोव्हिएट रशियाने स्पुटनिक सोडल्यानंतर अमेरिकेत विज्ञानशिक्षणाची फेरमांडणी झाली व हा विषय पाठ्यपुस्तकांत पुन्हा ठळकपणे आला. बटलर अधिनियम १९६७ मध्ये रद्द झाला. पुढील वर्षी सर्वोच्च न्यायालयाने आर्कॅन्सॉ राज्याचा तशाच प्रकारचा कायदा, शासनाने धर्माचा पुरस्कार करू नये या संविधानातील तत्त्वाच्या आधारे, रद्दबातल केला. त्यानंतर विरोधकांनी बंदीऐवजी समान वेळेची मागणी केली. क्रमविकासासोबत ‘निर्मितिविज्ञान’ शिकविण्याची सक्ती करणारा लुइझिॲनाचा कायदा १९८७ मध्ये अवैध ठरला. ‘बुद्धिपुरस्सर रचना’ हीही धार्मिक कल्पनाच होय, असा निर्णय पेनसिल्व्हेनियातील संघीय न्यायालयाने २००५ मध्ये दिला.

या निर्णयांनी कोणाच्याही श्रद्धेचे खंडन केलेले नाही. श्रद्धेला विज्ञानाचे नाव देऊन ती शासकीय शाळेत शिकविता येणार नाही, एवढीच मर्यादा त्यांनी घातली.