सापेक्ष बल (भारोत्तोलन)

स्वतःच्या वजनाच्या तुलनेत असलेली ताकद; शरीराचे वजन फारसे न वाढवता आणि अंगावर चरबी चढू न देताही ती कमावता येते. एका दमात, एकदाच उचलता येणारे जास्तीत जास्त वजन भागिले स्वतःचे वजन, असे हे गुणोत्तर मांडतात. भारोत्तोलन, कुस्ती, ज्युदो अशा वजनगटांच्या खेळांत त्याला फार महत्त्व आहे. ‘अंग भरल्याशिवाय ताकद येत नाही’ हा आपल्याकडचा जुना समज त्यामुळे अर्धाच खरा ठरतो.

याचे ठळक उदाहरण म्हणजे बल्गेरियात जन्मलेला तुर्की भारोत्तोलक नइम सुलेमानोग्लू. उंची पाच फुटांच्याही आत. 1988च्या सोल ऑलिंपिकमध्ये 60 किलो गटात त्याने स्नॅचमध्ये (बार एका झटक्यात डोक्यावर) 152.5 आणि क्लीन अँड जर्कमध्ये (आधी खांद्यांपर्यंत, मग डोक्यावर) 190, असे एकूण 342.5 किलो उचलले. 190 किलो म्हणजे स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून जास्त. त्याच स्पर्धेत वरच्या, 67.5 किलो गटाचे सुवर्ण पूर्व जर्मनीच्या योआखिम कुंत्सला मिळाले ते एकूण 340 किलोवर. त्या गटात आधी पहिला आलेला बल्गेरियाचा अँगेल गेन्चेव्ह बाद झाला होता. त्याच्या तपासणीत सापडले फ्युरोसेमाइड, म्हणजे लघवी वाढवून अंगातले पाणी उतरवणारे औषध. वजन आटोक्यात ठेवण्याच्या आडवाटा कुठवर जातात, हे त्यावरून दिसते.

ताकद दोन ठिकाणांहून येते. स्नायूचा जोर त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो. तो वाढवायचा तर स्नायू जाड व्हावा लागतो आणि त्याबरोबर वजनही वाढते. दुसरे ठिकाण मज्जासंस्था. अप्रशिक्षित माणसाला आपल्या स्नायूतले सगळे तंतू एकाच वेळी कामाला लावता येत नाहीत. सरावाने मेंदूकडून जाणारे संदेश जलद होतात, जास्त तंतू एकदम आकुंचन पावतात आणि विरुद्ध बाजूच्या स्नायूंचा अडथळा कमी होतो. नवशिक्याची पहिल्या काही आठवड्यांतली प्रगती बहुतांशी अशीच होते. दंडाचा घेर तसाच राहतो आणि बारवरचे वजन मात्र वाढते.

तंत्राचा वाटाही मोठा आहे. स्नॅचमध्ये कसलेला खेळाडू बार हाताने डोक्यापर्यंत ओढत नाही. जमिनीवरून पायांच्या जोरावर बार उठतो, मांड्यांपाशी आल्यावर कंबर झटक्याने सरळ होते, आणि बार जेमतेम पोट-छातीच्या उंचीवर असताना खेळाडूच त्याच्याखाली खोल बैठकीत शिरतो. जितके चपळाईने खाली जाता येईल तितके बार कमी उंच ओढून भागते.

अंग न वाढवता ताकद कमवायची तर वजन जड आणि आवर्तने कमी, हे सूत्र. आपल्या कमाल वजनाच्या 80 ते 90 टक्के भार, सेटमध्ये एक ते पाच आवर्तने (रेप्स), दोन सेटमध्ये तीन ते पाच मिनिटे विश्रांती. ही विश्रांती म्हणजे आळस नव्हे. तेवढ्या वेळात स्नायूतला फॉस्फोक्रिएटिन या झटपट ऊर्जा पुरवणाऱ्या द्रव्याचा साठा बराचसा भरून येतो. 100 किलोचा स्क्वाट मारणाऱ्याने 80–85 किलोवर तीन-तीन रेप्सचे पाच सेट मारले तरी दिवसाचे मुख्य काम झाले. तालमीत शेकड्यांनी मारल्या जाणाऱ्या जोर-बैठकांनी दम आणि चिवटपणा येतो, पण एका झटक्यात मोठे ओझे उचलण्याची ताकद त्यातून फारशी वाढत नाही. जिममध्ये थकून घामाघूम होणे म्हणजेच व्यायाम, ही समजूतही इथे कामाची नाही.

आहारात प्रथिनांकडे सर्वाधिक लक्ष द्यावे लागते. शरीराच्या दर किलोमागे दिवसाला साधारण दीड ते दोन ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलोच्या माणसाला त्या हिशेबाने निदान 90 ग्रॅम. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम असतात, वाटीभर पातळ वरणातही जवळपास तेवढेच. म्हणून शाकाहारी माणसाला दूध, पनीर, सोयाबीन, उसळी यांची बेरीज जाणीवपूर्वक करावी लागते. चरबी उतरवायची असेल तर उष्मांकांत थोडीच कपात करावी. उपाशी राहिल्यास आधी बारवरचे वजन घसरते.

भारताच्या मीराबाई चानूने 2021 साली टोकियोत 49 किलो गटात एकूण 202 किलो उचलून ऑलिंपिक रौप्य जिंकले. सांगलीच्या संकेत सरगरने 2022च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात 248 किलोंसह रौप्य मिळवले. कोपराला दुखापत झाली आणि सुवर्ण एका किलोने हुकले.

या वाटेला मर्यादाही आहे. मज्जासंस्था आणि तंत्र यांतून मिळण्यासारखे बहुतेक मिळाले, की स्नायू वाढवण्यावाचून इलाज उरत नाही. म्हणूनच अनेक भारोत्तोलक कालांतराने वरच्या गटात जातात. जड वजन उचलताना श्वास रोखला जातो आणि रक्तदाब क्षणभर खूप चढतो. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा हर्नियाचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.