टाकळीचा तेरा कोटि जप

श्रीरामदासस्वामींनीं नाशिकजवळ टाकळी येथें बारा वर्षें राहून त्रयोदशाक्षरी राममंत्राचा तेरा कोटि जप केला, ही गोष्ट महाराष्ट्रांत सर्वतोमुखीं आहे. आम्ही राहतों त्या कर्वेनगरांतहि, म्हणजे जुन्या हिंगणे बुद्रुकांत, पोथ्यांच्या रुमालांतून या मंत्राच्या लेखनजपाच्या वह्या निघतात. संग्राहक त्या बहुधा बाजूस सारतात. आंकडा मात्र कोणी तपासून पाहिल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

परंपरेप्रमाणें टाकळीचा काळ शके १५४२ ते १५५४ (इ. स. १६२० ते १६३२). गोदा व नंदिनी यांच्या संगमांत कंबरभर पाण्यांत उभें राहून सूर्योदयापासून मध्यान्हापर्यंत जप, नंतर माधुकरी, हा नित्यक्रम. बारा वर्षांचे दिवस सुमारें ४,३८३. तेव्हां रोजचा जप २९,६६० च्या घरांत जातो. १०८ मण्यांची माळ धरिली तर रोज सुमारें २७५ माळा.

आतां वेळ पाहूं. आपल्या ज्योतिषांत दहा गुरु अक्षरांच्या उच्चारास एक प्राण, सहा प्राणांस एक पळ व साठ पळांस एक घटका असें मान आहे. 'श्रीराम जय राम जय जय राम' यांत चार गुरु व नऊ लघु, म्हणजे सतरा मात्रा अथवा साडेआठ गुरु अक्षरें. या मानानें एका पळांत सातच मंत्र होतात आणि रोजच्या संख्येस सत्तर घटका लागतात. अहोरात्र साठ घटकांचें ! मध्यान्हापर्यंतच्या पंधरा घटकांत ही संख्या बसवावयाची, तर वाणी जवळजवळ पांचपट वेगानें चालली पाहिजे.

यावर कोणी म्हणेल कीं जप मानस होता. वाचिक, उपांशु व मानस हा उतरंडीचा क्रम मनुस्मृतींत आहेच, व मनास जिव्हेचें बंधन नाहीं. हा आक्षेप आम्हांस अंशतः मान्य आहे. वरील गणित वाचिक जपापुरतेंच लागू पडतें. परंतु एका पळांत तेहतीस मंत्र, म्हणजे एका श्वासांत पांचांहून अधिक, अशा धांवपळींत ध्यान कसलें ? दासबोधाच्या सतराव्या दशकांत समर्थांनींच अजपेचा स्वतंत्र समास लिहिला आहे. अजपेचें मान अहोरात्रीं २१,६०० श्वासांचें. श्वासागणिक एक मंत्र धरिला व झोंपेंतहि तो चालला असें मानिलें, तरी बारा वर्षांत साडेनऊ कोटींच्या आंतच संख्या राहते.

मग परंपरा खोटी ठरवावी काय ? आम्हांस तसें वाटत नाहीं. मंत्रशास्त्रांत अक्षरलक्ष पुरश्चरणाचा नियम आहे : जितकीं अक्षरें तितके लक्ष जप. तेरा अक्षरांचें एक पुरश्चरण तेरा लक्षांचें, आणि त्याचें शंभरपट तेरा कोटि. इतकें नेमकें जुळणें यदृच्छेनें झालें असावें असें दिसत नाहीं. म्हणून हा आंकडा रोजच्या मोजदादीचा नसून पुरश्चरणाच्या परिभाषेंतला आहे, अशी आमची अटकळ आहे. तेरा कोटि हीं अक्षरें मानावीं, म्हणजे मंत्र एक कोटि होऊन साडेपांच घटकांत रोजचा नेम उरकतो, असाहि एक मार्ग सुचतो. तो सोयीचा आहे, पण जप मंत्रांनीं मोजतात, अक्षरांनीं नव्हे. लेखी आधाराशिवाय तो आम्ही स्वीकारीत नाहीं.

हनुमंतस्वामींची बखर समर्थांच्या निर्याणानंतर (शके १६०३) शंभराहून अधिक वर्षांनीं झाली, हें येथें ध्यानांत ठेवावें. तिच्या पूर्वींच्या एखाद्या बाडांत टाकळीच्या प्रसंगीं 'जप' शब्द आहे कीं 'पुरश्चरण', संख्या अक्षरीं आहे कीं अंकीं, आणि ती मूळ लेखकाच्या हातची कीं समासांत मागाहून भरलेली, एवढें कळलें तरी वाद बराच मिटेल. धुळ्यास शंकर श्रीकृष्ण देव यांनीं जमविलेलीं सांप्रदायिक बाडें समर्थ वाग्देवता मंदिरांत आहेत. शोध तेथून सुरू करावा ; खासगी रुमालांच्या धन्यांनीं आपापले कागद याच दृष्टीनें एकदां चाळावे, व लेखनजपाच्या वह्यांच्या कडेला मांडलेले हिशेबहि वगळूं नयेत.