तालीम

'तालीम' हा शब्द आपल्याला तीन ठिकाणी भेटतो. गावचे पहिलवान लाल मातीत घुमतात ती तालीम. घरात उर्दू बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी तालीम म्हणजे शिक्षण. आणि उस्ताद शागिर्दाला समोर बसवून गळ्यावर जे चढवतात तीही तालीमच. तिन्हींचा मथितार्थ एकच : रोज, नेमाने, आणि चुकले तर पुन्हा पहिल्यापासून.

लोकांना आवडणाऱ्या संगीताबद्दल बोलताना मात्र हा अर्थ आपण विसरतो. गाणेबजावणे म्हणजे अभ्यास बुडवणे, असे आईवडील म्हणतात. गळा जन्मतःच मिळतो, त्याला शाळा कशाला, असे मुले म्हणतात. या दोन्ही समजुती कितपत खऱ्या, हे आपल्याच मुलखातील काही कलावंतांच्या चरित्रांवरून पाहू.

प्रारंभ उत्तर पेशवाईतील शाहिरांपासून करू. राम जोशी, अनंत फंदी, होनाजी, प्रभाकर, परशराम यांच्या बरोबरीने ज्याचे नाव घेतले जाते तो सगनभाऊ जातीने मुसलमान, धंद्याने शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारा. त्याच्या लावण्या आणि पोवाडे फडावर गाजले. त्या काळच्या शाहिरांची कवने हस्तलिखित बाडांतून टिकली. पुढे अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी 1891 मध्ये पोवाड्यांचा संग्रह छापला, तसे इतरही संग्रह निघाले. त्यामुळे शब्द आपल्या हाती आले. चाली मात्र कोणी लिहून ठेवल्या नाहीत, आणि ज्या गळ्यांत त्या होत्या त्यांच्याबरोबरच बहुतेक गेल्या. ही हानी ध्यानात ठेवा, पुढे तिच्याकडे परत यायचे आहे.

शिकलगारांचा दुसरा धागा मिरजेत सापडतो. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा तेथील फरीदसाहेबांच्या घराण्याने तंबोरे आणि सतारी घडवायला घेतल्या. पंढरपूरकडचे भोपळे आणून, वाळवून, कोरून वाद्य करायचे आणि जवारी अशी घासायची की तार छेडताच स्वर भरून यावा. हे काम बाप मुलाला हाताला हात लावून शिकवी. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

या मिरजेत येऊन राहिले उस्ताद अब्दुल करीम खाँ. त्यांचा जन्म 1872 चा, उत्तरेतील किराना गावचा. त्यांनी 1913 मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. त्यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, यांनी मराठी रंगभूमी गाजवली आणि पुढे भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल यांना घडवले. खाँसाहेबांनी स्वतः मराठी नाट्यपदे ध्वनिमुद्रिकांवर गाऊन ठेवली. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मिळत. तेवढ्यात राग उभा करायचा तर किती वर्षांचा रियाज पाठीशी हवा, याचा विचार विद्यार्थ्यांनी करावा. 1937 मध्ये पाँडिचेरीला जाताना वाटेतच त्यांचे निधन झाले. मिरजेच्या दर्ग्यात, ख्वाजा शमना मीरांच्या सान्निध्यात, त्यांना दफन केले आहे.

तिसरे नाव शाहीर अमर शेख. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, जन्म 1916 चा, बार्शीचा. पोटासाठी मोटारीवर क्लीनर झाले, गिरणीत राबले. 1944 मध्ये अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. डफ, तुणतुणे, ढोलकी एवढ्या सामग्रीवर हे पथक कामगारांच्या अफाट सभा जागच्या जागी खिळवून ठेवी. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा आवाज गावोगाव पोहोचला. अण्णा भाऊंना शाळा जवळजवळ मिळालीच नाही, अक्षरे त्यांनी पुढे स्वतःच्या हिमतीने गिरवली. म्हणूनच त्यांचे पोवाडे आणि लोकनाट्ये कागदावर उतरली. अमर शेखांचेही 'कलश' आणि 'धरतीमाता' हे काव्यसंग्रह मागे राहिले. दोघेही 1969 सालीच गेले, पण लिखाणामुळे त्यांची कवने आज नव्या शाहिरांना वाचता येतात.

आता गोव्याकडे वळू. पोर्तुगीज अमदानीत तेथील चर्चच्या शाळांतून गावच्या मुलांना व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकवीत. पुढे ही मुले नोकरीच्या शोधात मुंबईला आली तेव्हा हीच विद्या त्यांची शिदोरी ठरली. हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने ट्रम्पेटवादक म्हणून प्रसिद्ध झाले. त्यांचा नृत्यबँड मुंबईच्या हॉटेलांतून वाजे. 1951 च्या 'अलबेला' चित्रपटात त्यांच्या वाद्यवृंदाचा जॅझ आणि पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या चाली एकत्र आल्या. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवले. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी' मधील गाण्यातून शिष्याने गुरूचे नाव घरोघर पोहोचवले.

या मंडळींना एवढे काम का मिळाले? चित्रपटाच्या गाण्यात पन्नास-पन्नास वादक एकाच वेळी वाजवत. प्रत्येकाच्या पुढे त्याच्या वाट्याचे स्वर लिहिलेला कागद असे. तो वाचता येणारा वादक सकाळी येई आणि थोड्याच सरावात तयार होई. केवळ कानावर शिकलेला कितीही गुणी असला तरी त्याला प्रत्येक तुकडा आधी ऐकवून पाठ करून घ्यावा लागे.

वाचकहो, कानाची तालीम कमी प्रतीची आहे असे यातून कृपया समजू नका. खाँसाहेबांचा स्वर कोणत्याही कागदावर मावला नसता. पण ज्यांनी कानाला लेखणीची जोड दिली त्यांची विद्या पुढे गेली, आणि ज्यांची दिली गेली नाही त्यांच्या चाली सगनभाऊच्या चालींसारख्या विरून गेल्या. तेव्हा मुलगा गातो म्हणून पालकांनी घाबरू नये, आणि गाता येते म्हणून मुलाने वही मिटू नये.

एक काम मात्र आपल्या हातात आहे. लग्नाच्या हळदीला, मेंदीला आजी जी गाणी म्हणते ती शब्दांसह लिहून घ्या. कोणाकडून शिकली, कोणत्या गावी ऐकली, तेही विचारा. चाल यंत्रावर मुद्रित करा, आज ते यंत्र बहुतेकांच्या खिशातच असते. मोहल्ल्यातल्या जुन्या कव्वालाकडे किंवा बँडवाल्या चाचांकडेही वही घेऊन एक संध्याकाळ जाऊन बसा. त्यांना सांगण्यासारखे पुष्कळ असते, विचारणारे तेवढे भेटत नाहीत.