सुरकुतलेल्या वाटाण्याची कुळकथा

भाजीसाठी मटार लावू इच्छिणारा शेतकरी बियाण्याच्या दुकानातून आर्केल जातीची पुडी आणून हातावर ओततो, तेव्हा त्याला दिसणारे दाणे उसळीसाठी किराणा दुकानात मिळणाऱ्या वाटाण्यासारखे वाटोळे आणि गुळगुळीत नसतात. ते आक्रसलेले, कोनाकोपऱ्यांचे, सर्वांगावर सुरकुत्या पडलेले असतात, आणि नवख्या माणसास हे बी जुनाट तर नाही ना, अशी शंका येते. वस्तुतः कोवळेपणी गोड लागणारा मटार तो हाच. ज्या कारणाने तो गोड लागतो त्याच कारणाने वाळल्यावर तो सुरकुततो, आणि ते कारण नेमके कोणते याचा उलगडा होण्यास, या सुरकुतीची पहिली पद्धतशीर मोजदाद जाहीर झाल्यापासून, तब्बल सव्वाशे वर्षे जावी लागली.

ती मोजदाद करणारा ग्रेगर मेंडेल हा मोरेव्हिया प्रांतातील ब्रुन, म्हणजे आजचे ब्रनो, येथील मठातला एक पाद्री होता हे सर्वश्रुत आहे. परंतु एकांतात बसून फुले न्याहाळणारा भाबडा साधू, असे जे त्याचे चित्र शाळेच्या पुस्तकांनी आपल्या मनात रुजविले आहे ते निखालस अपुरे आहे. मोरेव्हिया हा त्या काळी लोकरीचा मुलूख. मेंढ्यांची पैदास करणारे तेथील जमीनदार उत्तम लोकरीचा वारसा पिढ्यानुपिढ्या कसा टिकवावा याची सभा भरवून चर्चा करीत, आणि मेंडेलच्या मठाचा अधिपती सिरिल नॅप हा त्या चर्चांत अगत्याने भाग घेई. याच नॅपने मेंडेलला १८५१ साली व्हिएन्नाच्या विद्यापीठात धाडले, आणि तेथे डॉप्लरसारख्या भौतिकशास्त्रज्ञांच्या हाताखाली दोन वर्षे काढून आलेल्या या पाद्र्याने निसर्गाला आकड्यांत प्रश्न विचारण्याची सवय अंगी बाणवली. शिक्षकाच्या सनदेची परीक्षा त्याला दोनदा देऊनही उत्तीर्ण होता आली नाही, ही गोष्ट त्याच्या चरित्रकारांना फार आवडते. माझ्या मते तिच्यापेक्षा डॉप्लरच्या वर्गातले ते दिवस अधिक महत्त्वाचे आहेत.

त्याने वाटाण्याच्या ३४ जाती मागविल्या, दोन वर्षे पेरून पारखल्या, त्यांतल्या २२ प्रयोगासाठी ठेविल्या, आणि १८५६ पासून १८६३ पर्यंत मठाच्या बागेत सात लक्षणांचा पाठपुरावा केला. नाइट नावाच्या इंग्रज बागायतदाराने १७९९ सालीच वाटाण्याच्या संकराचे प्रयोग प्रसिद्ध केले होते, तेव्हा कल्पना नवी नव्हती. नवी होती ती शिस्त. उमलण्यापूर्वी कळी उघडून तिचे पुंकेसर चिमट्याने काढावयाचे, दुसऱ्या झाडाचे पराग तिच्या कुक्षीवर ठेवावयाचे, आणि जे दाणे येतील ते एकूण एक मोजावयाचे. दाण्याच्या आकाराचे लक्षण यासाठी विशेष सोयीचे होते, कारण दाणा हा मातेच्या शेंगेत असला तरी तो स्वतः पुढच्या पिढीचा घटक असतो. त्यामुळे नवे रोप वाढण्याची वाट न पाहता शेंग सोलताक्षणीच तिच्यात शेजारी शेजारी बसलेली गोल आणि सुरकुतलेली भावंडे डोळ्यांना दिसत. गोल आणि सुरकुतलेल्या जातींच्या संकरातून पहिल्या पिढीत सगळेच दाणे गोल आले, आणि त्यांपासून वाढलेल्या २५३ झाडांवर पुढच्या पिढीचे ७३२४ दाणे मिळाले, त्यांत ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले होते, म्हणजे सुमारे तीनास एक. मधल्या पिढीत लुप्त झालेली सुरकुती मुळीच न विरघळता, पातळ न होता, जशीच्या तशी परत आली होती. एवढ्यावर न थांबता त्याने गोल दाण्यांतून ५६५ रोपे वाढविली. त्यांपैकी १९३ रोपांना निव्वळ गोल दाणे आले आणि ३७२ रोपांना दोन्ही प्रकारचे, यावरून दिसण्यात एकसारख्या असलेल्या गोल दाण्यांच्या पोटी दोन निराळे वारसे नांदतात हे सिद्ध झाले.

१८६५ च्या फेब्रुवारी आणि मार्च महिन्यांत त्याने हे सारे ब्रुनच्या निसर्गविज्ञान मंडळापुढे वाचून दाखविले, आणि पुढल्या वर्षी ते छापले गेले. पुढची कैफियत थोडक्यात सांगता येईल. विद्वानांनी लक्ष दिले नाही. १८६८ साली मेंडेल मठाधिपती झाला आणि आयुष्याची अखेरची वर्षे मठाच्या मालमत्तेवर बसविलेल्या कराविरुद्ध सरकारशी तंटा करण्यात घालवून १८८४ साली वारला. आणि १९०० साली द व्ह्रीस, कोरेन्स आणि चेर्माक यांच्या लेखनातून त्याचे नियम पुन्हा उजेडात आले.

येथून पुढे बहुतेक लेखक मेंडेलला सोडून फळमाशीवरील प्रयोगांकडे, गुणसूत्रांकडे आणि डीएनएच्या दुहेरी गोफाकडे वळतात, आणि तो सुरकुतलेला दाणा मागे राहतो. परंतु खरी मौज तेथेच आहे. ग्रेगरी नावाच्या संशोधकाने १९०३ साली गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांतील पिष्टाचे कण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहिले, तेव्हा त्यांच्या घडणीत ठळक तफावत आढळली. आणि पाच वर्षांनी डार्बिशायरने संकरित दाण्यांतील कण तपासले तेव्हा ते ना एका जातीसारखे ना दुसऱ्या जातीसारखे, तर मधल्या घडणीचे निघाले. म्हणजे नुसत्या डोळ्यांना जो दाणा निर्विवाद गोल, तोच सूक्ष्मदर्शकाला दोन्ही वारशांची कबुली देत होता. संकरात उघड दिसणारे लक्षण प्रभावी आणि दडून राहणारे अप्रभावी, हा भेद जनुकाच्या ठायी नसून आपण कोठल्या पायरीवर उभे राहून पाहतो यावर अवलंबून आहे, ही गोष्ट इतक्या लवकर दप्तरी दाखल झालेली असूनही पाठ्यपुस्तकांनी ती आजतागायत मनावर घेतलेली दिसत नाही.

त्याच सुमारास इंग्लंडात मेंडेलचा कैवार घेतलेल्या विल्यम बेटसनने असे अनुमान मांडले की अप्रभावी लक्षण म्हणजे काही स्वतंत्र वस्तू नसून प्रभावी घटकाचा निव्वळ अभाव होय. सर्वसामान्य नियम म्हणून हे अनुमान टिकले नाही. सुरकुतीपुरते मात्र ते पुष्कळ अंशी खरे ठरले, आणि ते खरे ठरविणारी माणसे १९१० साली ज्या जॉन इनेस संस्थेचा बेटसन पहिला संचालक झाला होता तिथलीच होती. १९९० साली, आता नॉर्विच येथे असलेल्या या संस्थेतून, मदन भट्टाचार्य, ॲलिसन स्मिथ, कॅथी मार्टिन आणि त्यांचे सहकारी यांनी सुरकुतीचे जनुक प्रत्यक्ष हुडकून काढले.

ते जनुक दाण्याला गोल करीत नाही की सुरकुतवीतही नाही. ते एक विकर, म्हणजे एन्झाइम, घडविते, आणि त्या विकराचे काम एवढेच की साखरेच्या सरळ साखळ्यांना फांद्या फोडून त्यांचे शाखायुक्त पिष्ट बनवावे. सुरकुतलेल्या जातीत या जनुकात डीएनएच्या सुमारे ८०० अक्षरांचा एक उपरा तुकडा, मक्यात बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी शोधलेल्या जागा बदलणाऱ्या तुकड्यांच्या जातकुळीचा, येऊन बसलेला आहे. त्यामुळे विकर धड तयार होत नाही, पिष्ट कमी बनते, आणि न वापरली गेलेली साखर दाण्यात तशीच साचून राहते. साखर पाणी ओढते, पेशी फुगतात, कोवळा दाणा टपोरा, रसाळ आणि गोड होतो. परंतु पक्व होताना ते पाणी उडून गेले की, उशीतला निम्मा कापूस काढून घेतल्यावर अभ्र्याचे जे होते, तेच त्याच्या सालीचे होते. संकरित दाण्यात धड जनुकाची एकच प्रत असते, पण तिने घडविलेले विकर दाणा गोल राखण्यास पुरते, कणांची घडण पूर्ववत करण्यास मात्र पुरत नाही. डार्बिशायरच्या निरीक्षणाचा अर्थ असा बऱ्याच काळाने लागला. तेव्हा पिढ्यानुपिढ्या वारशात आली ती सुरकुती नव्हे. आला तो बिघडलेला एक हुकूम, आणि सुरकुती ही त्याच्या अंमलबजावणीची अगदी शेवटची, वाळवणीच्या वेळी पडणारी खूण.

याचा दाखला वाटाण्याच्याच घरात आहे. कोइस्ट्रा नावाच्या संशोधकाने १९६२ साली दाखवून दिले की सुरकुतलेले सर्व वाटाणे एका कुळीचे नाहीत. एका निराळ्या जातीत फांद्या फोडणारे विकर शाबूत असते, परंतु पिष्टाचा कच्चा माल सिद्ध करणारी आधीची पायरीच, हे पुढे कळून आले, अधू असते, आणि तोही दाणा वाळल्यावर तसाच आक्रसतो. डोळ्यांना एकसारख्या दिसणाऱ्या या दोन सुरकुतलेल्या जातींचा संकर केला, तर पहिल्या पिढीतील दाणे सारे गोल निपजतात, कारण एकीच्या ठायी जे विकर नाही ते दुसरीकडून येते. आणि हे गोल दाणे पेरून त्यांच्या झाडांना आपोआप फळू दिले, तर दोन्ही जनुके परस्परांपासून स्वतंत्रपणे वाटली जात असल्यामुळे पुढच्या पिढीत मेंडेलच्या तीनास एक या प्रमाणाऐवजी दर सोळा दाण्यांत नऊ गोल आणि सात सुरकुतलेले, असा हिशेब पडतो.