अद्भुतरम्यतेचा संस्कार आणि झाशीची कादंबरी

लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) यांनी आरंभकालीन मराठी कादंबरीला अद्भुतरम्यतेच्या वाटेने नेले. अशा वाचनाने तरुण मन वास्तवाला पारखे होते, हा आक्षेप पुढे रूढ झाला. विद्यार्थ्यांना लेखनाची प्रेरणा म्हणून अद्भुतकथा द्यावी काय, हा प्रश्नही याच आक्षेपाशी येऊन अडतो. त्याचे बोलके उत्तर झाशीत, एका हिंदी कादंबरीकाराच्या घडणीत मिळते.

वृंदावनलाल वर्मा (१८८९–१९६९) झाशी जिल्ह्यातील मऊरानीपूरचे. झाशीत ते वकिली करीत. वॉल्टर स्कॉटच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांनी ते भारावले होते. त्यातील दुर्ग, द्वंद्वे आणि प्रणय यांची नक्कल करणे सोपे होते. वर्मांनी घेतली ती दृष्टी. स्कॉटलंडच्या डोंगरदऱ्यांना कथा असतील, तर बुंदेलखंडातील ओसाड गढ्याही मुक्या नसणार. ‘गढ कुंडार’मधील खंगार-बुंदेल्यांचा संघर्ष या जाणिवेतून आकारला.

खरी कसोटी राणी लक्ष्मीबाईच्या कथेने घेतली. द. ब. पारसनीस यांचे मराठी चरित्र (१८९४) वाचून वर्मांचा असा समज झाला की, राणी परिस्थितीने भाग पाडले म्हणून लढली. घरातील वृद्धांच्या तोंडून बालपणी ऐकलेली राणी मात्र स्वराज्यासाठी लढलेली होती. छापील ग्रंथ आणि ऐकीव कथा यांच्या या पेचात त्यांनी कल्पनेला मोकाट सोडले नाही. जुने कागद धुंडाळले, लोकांच्या आठवणी टिपल्या, आणि १९४६ मध्ये ‘झाँसी की रानी लक्ष्मीबाई’ प्रसिद्ध केली. त्यांच्या निष्कर्षाविषयी मतभेद संभवतात. पण बाळपणीच्या कथेने शंका जागवली आणि शंकेने शोध घ्यायला लावले, हा क्रम निर्विवाद आहे.

अध्यापनाला यातून घेण्यासारखे हेच आहे. अद्भुतकथा वाचलेल्या विद्यार्थ्याकडून दुसऱ्या राक्षसाची वा जादूच्या तलवारीची मागणी करणे व्यर्थ होय. त्याच्या गावच्या पडक्या वेशीवर कोणती कथा अडकून राहिली आहे, हे त्याला शोधू द्यावे. नंतर विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ (१९०७) त्याच्या हाती द्यावे. १८५८ चा झाशीचा वेढा डोळ्यांनी पाहिलेल्या त्या भिक्षुकाच्या साध्या कथनापुढे आपली कल्पना कितपत टिकते, हे तो स्वतःच जोखील. अद्भुताने प्रश्न द्यावा आणि साक्षीने उत्तराला मर्यादा घालावी. या दोहोंच्या ताणातून विद्यार्थ्याचे लेखन स्वतःचे होते.