स्नायुबळ, ओझे आणि विद्युत्‌शक्ती : घुग्घुस-चंद्रपूर परिसराच्या संदर्भात दीर्घ सायकलप्रवासाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

सायकलवरच अंथरूण-पांघरूण, शिधा आणि दुरुस्तीची हत्यारे बांधून, कच्च्या वाटांनी, मागे कोणतेही मदतवाहन न ठेवता अनेक दिवस प्रवास करण्याच्या पद्धतीला आज ‘बाइकपॅकिंग’ म्हणतात. गेल्या काही वर्षांत या प्रवासासाठी विजेवर चालणाऱ्या डोंगरी सायकली वापरात आल्या आणि त्यांच्याबरोबर एक वादही आला. मोटारीचे साहाय्य घेऊन केलेल्या प्रवासाला सायकलप्रवास म्हणावे काय? जुन्या वळणाच्या सायकलस्वारांचे उत्तर बहुधा नकारार्थी असते. त्यांच्या मते सायकल म्हणजे केवळ स्वतःच्या पायांचे बळ.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार इतिहासाच्या अंगाने केला आहे. दीर्घ सायकलप्रवासाच्या इतिहासात संपूर्ण स्वावलंबन फारसे आढळत नाही. प्रत्येक प्रवासाने कोणाचे तरी साहाय्य घेतले आहे. प्रश्न असतो तो हे साहाय्य कोणाचे, कशासाठी आणि कोणाच्या खर्चाने, एवढाच. चंद्रपूर जिल्ह्याने या प्रश्नाचे एक उत्तर १९८५ मध्येच देऊन ठेवले आहे. त्या उत्तराचे स्मरण करून देणे व आजच्या संदर्भात ते तपासणे, हा या लेखाचा हेतू आहे.

ओझे वाहण्याचा इतिहास

दीर्घ सायकलप्रवासाची सुरुवात सामान्यतः थॉमस स्टीव्हन्स यांच्यापासून सांगितली जाते. १८८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथून उंच चाकाच्या सायकलीवर निघालेले हे गृहस्थ १८८६ मध्ये उत्तर हिंदुस्थानातून पुढे गेले व त्याच वर्षाच्या अखेरीस जपानला पोहोचले. त्यांचे सामान अगदी मोजके होते. याचा अर्थ असा की अन्न, निवारा आणि वाट या तिन्ही गोष्टी त्यांना वाटेतल्या लोकांनी पुरविल्या.

याच्या उलट टोकाचे उदाहरण १८९७ चे आहे. अमेरिकेच्या पंचविसाव्या पायदळ पलटणीतील कृष्णवर्णीय सैनिकांची एक तुकडी लेफ्टनंट जेम्स मॉस यांच्या नेतृत्वाखाली मिसूला ते सेंट लुईस असे सुमारे १,९०० मैल सायकलींवरून गेली. वाट चिखलाची, खडकाची आणि वाळूची होती. तंबू, घोंगडी व शिधा सायकलीवरच बांधलेला असून काही सामान चौकटीच्या त्रिकोणात बसविलेल्या पेटीत ठेवलेले होते. आजचे बाइकपॅकिंग करणारे चौकटीत जी पिशवी बसवितात, तिचा हा पूर्वावतार होय. मात्र या तुकडीसाठीही ठरावीक ठिकाणी शिधा अगोदर पाठविण्यात आला होता, हे विसरून चालणार नाही.

आपल्या राज्यातील उदाहरण मुंबईचे आहे. ऑक्टोबर १९२३ मध्ये सहा तरुण पारशी मुंबईहून जगप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटरचा प्रवास पूर्ण करून मार्च १९२८ मध्ये परतले. विदर्भापुरते पाहिले, तर नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या आत पूर्ण केली. या शर्यतीत स्वार एकटा असला, तरी त्याच्यामागे मदतनीसांचे वाहन रात्रंदिवस असते, किंबहुना नियमानेच ते असावे लागते. तेव्हा ‘एकट्याने’ या शब्दाचा अर्थही साहाय्यासह घ्यावा लागतो.

भारत जोडो : साहाय्याला मिळालेली प्रतिष्ठा

घुग्घुसपासून फार दूर नसलेल्या वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये आनंदवनाची स्थापना केली. याच आनंदवनातून ‘भारत जोडो’ अभियानाची कल्पना निघाली. १९८४ च्या रक्तलांछित घटनांनंतर देशाच्या ऐक्याविषयी चिंता वाटावी, असे ते दिवस होते. डिसेंबर १९८५ मध्ये शंभराहून अधिक तरुण-तरुणी कन्याकुमारीहून सायकलींवर निघाले आणि सुमारे पाच हजार किलोमीटरचा प्रवास करीत १९८६ मध्ये काश्मीरच्या दिशेने गेले. पुढे १९८८ मध्ये दुसरे अभियान अरुणाचलातील इटानगरहून गुजरातमधील ओख्याकडे निघाले.

या अभियानाचा राजकीय व सामाजिक अंगाने विचार झाला आहे. सायकलप्रवासाच्या इतिहासात मात्र त्याची नोंद क्वचितच घेतली जाते. वास्तविक ज्या मुद्द्याचा आपण विचार करीत आहोत, त्या दृष्टीने त्यातील एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. अभियानाचे नेते बाबा आमटे त्या वेळी एकाहत्तर वर्षांचे होते. मणक्याच्या दुखण्यामुळे त्यांना फार वेळ बसणेही शक्य नव्हते. ते तरुणांच्या सोबत वाहनातून, बहुतांशी आडवे पडून गेले. कोणीही असे म्हटले नाही की, बाबांनी पेडल मारले नाही म्हणून ते या यात्रेत नव्हते. शरीराची मर्यादा हे प्रवासातून वगळले जाण्याचे कारण ठरले नाही. उलट त्या मर्यादेला साहाय्य देऊन प्रवास पूर्ण करण्यात आला. कुष्ठरोगाने बोटे गमावलेल्या माणसांनी शेती आणि कारखाने उभे केलेल्या आनंदवनाला हा विचार नवा नव्हता.

डोंगरी सायकल आणि मोटार

डोंगरी सायकलीचा जन्म १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात झाला. १९७६ पासून तेथे उताराच्या शर्यती भरू लागल्या. १९८१ मध्ये कारखान्यात मोठ्या प्रमाणावर तयार झालेली ‘स्टंपजंपर’ बाजारात आली आणि रुंद टायरांची सायकल जगभर पसरली. विजेच्या सायकलीचा इतिहास याहून जुना आहे. ऑग्डेन बोल्टन यांना चाकाच्या तुंब्यात मोटार बसविलेल्या सायकलीचे पेटंट १८९५ च्या अखेरीस मिळाले होते. तथापि त्या काळच्या शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या इतक्या जड असत की, मोटारीचा निम्मा लाभ बॅटरी वाहण्यातच जाई.

दोन गोष्टींनी हे चित्र पालटले. १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी व्यापारी स्वरूपात उपलब्ध झाली आणि १९९३ मध्ये जपानच्या यामाहा कंपनीने पेडलवरील दाब मोजून तेवढ्याच प्रमाणात मोटारीचे बळ देणारी सायकल विक्रीस आणली. या दुसऱ्या शोधाचे मर्म समजून घेतले पाहिजे. अशा सायकलीत मोटार आपणहून चालत नाही. स्वाराने पेडल मारले तरच ती साथ देते आणि तो थांबला की तीही थांबते. आपल्याकडील केंद्रीय मोटार वाहन नियमांनीही हेच तत्त्व स्वीकारले आहे. मोटारीची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी असेल आणि ताशी २५ किलोमीटरचा वेग गाठताच साहाय्य बंद होत असेल, तर असे वाहन कायद्याने मोटार वाहन ठरत नाही. साधारण प्रकृतीचा माणूस बराच वेळ टिकवू शकतो ती शक्ती शंभर वॅटच्या आसपास असते, हे लक्षात घेतल्यास मोटारीचे साहाय्य किती मोठे आहे, याची कल्पना येते.

घुग्घुसचा हिशेब

हे साहाय्य येते कोठून? या प्रश्नाचे उत्तर घुग्घुसइतके उघड्यावर फार थोड्या गावांत दिसत असेल. वर्धा नदीच्या खोऱ्यातील हे गाव कोळशाच्या खाणींवर वाढले. खाणीतून निघालेला कोळसा, कोळशाची वीज, सिमेंट आणि स्पंज आयर्न यांनी येथील जीवन व्यापले आहे. सुमारे पंचवीस किलोमीटरवरील चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. घुग्घुसच्या घरात सायकलीची बॅटरी भरणारा मनुष्य म्हणजे आपल्याच पायाखालच्या जमिनीवर सायकल चालविणारा मनुष्य होय.

हिशेब मांडून पाहू. डोंगरी सायकलीची सर्वसाधारण बॅटरी ५०० वॅट-तासांची असते, म्हणजे अर्धा युनिट. भरतानाची गळती धरून सुमारे ०.६ युनिट. औष्णिक विजेच्या एका युनिटमागे स्थूलमानाने पाऊण किलो कोळसा जळतो, असे धरले तर एका भरणाचा कोळसा अर्ध्या किलोहून कमी होतो. तेवढ्यात सामानासह, सपाट रस्त्यावर साठ-सत्तर किलोमीटरचा प्रवास होऊ शकतो. तेवढ्याच अंतराला मोटारसायकलला लिटरभर किंवा त्याहून अधिक पेट्रोल लागते. ऋण लहान आहे, पण ते आहे. धुळीने काळवंडलेल्या रस्त्यावर राहणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही.

वाट आणि वाटेचे धनी

घुग्घुसहून चंद्रपूर आणि मूलमार्गे, पुढे वैनगंगा ओलांडून गडचिरोलीपर्यंतचे अंतर शंभर किलोमीटरच्या थोडे वर आहे. एका भरणात ते होत नाही. मूल येथे बॅटरी भरून मुक्काम केल्यास दोन दिवसांत सहज होते. मूलच्या परिसरातच सोमनाथ हा आनंदवनाचा प्रकल्प आहे. साठच्या दशकाच्या अखेरीपासून तेथे तरुणांच्या श्रमसंस्कार छावण्या भरत आल्या आहेत. म्हणजे मुक्कामाच्या जागेलाही इतिहास आहे.

हंगामाची मर्यादा मात्र कठोर आहे. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६ अंशांच्या वर जातो. इतक्या उष्णतेत लिथियमची बॅटरी भरणे धोक्याचे असते. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकात गच्च बसतो आणि वीस-पंचवीस किलोची सायकल उचलून नाला ओलांडणे दोघांचे काम होते. तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच योग्य काळ.

याहून महत्त्वाचा प्रश्न वाटेच्या अधिकाराचा आहे. चंद्रपूर-मूल रस्ता वाघांच्या वावराच्या प्रदेशातून जातो. सरपण, मोहफुले व तेंदूपाने यांसाठी जंगलात गेलेली कितीतरी माणसे या जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यांत मरण पावली आहेत. ज्या पायवाटेने गावकरी पोटासाठी जीव मुठीत धरून जातो, तिचा क्रीडांगण म्हणून विचार करणे उचित नाही. विजेची सायकल जवळजवळ आवाज करीत नाही. हा गुण शहरात असेल, पहाट-संध्याकाळी जंगलाच्या कडेला तो दोष आहे. अभयारण्यात प्रवेशास वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ अन्वये परवानगी लागते. अभयारण्याबाहेरील जंगलाचेही धनी आहेत. गडचिरोलीपासून सुमारे तीस किलोमीटरवरील मेंढा (लेखा) या गावाला वनहक्क कायद्यानुसार २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेथील वाटेने जायचे, तर ग्रामसभेला विचारून जावे लागेल आणि ते योग्यच आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, मोटारीच्या साहाय्याने सायकलप्रवासाची परंपरा खंडित होत नाही. स्टीव्हन्स यांना वाटेतल्या गावांनी, मॉस यांच्या तुकडीला अगोदर पाठविलेल्या शिध्याने, डॉ. समर्थ यांना मागून येणाऱ्या वाहनाने आणि बाबा आमटे यांना तरुणांच्या पायांनी साहाय्य केले. आजच्या स्वाराला वर्धा खोऱ्यातील कोळसा साहाय्य करतो. साहाय्य लपविणे आणि त्याचे ऋण नाकारणे, एवढेच अप्रामाणिक ठरेल.

एक गोष्ट मात्र तातडीची आहे. १९८५ मध्ये विशी-तिशीत असलेले ते तरुण आज साठी ओलांडून गेले आहेत, काही सत्तरीतही असतील. त्यांच्या आठवणी बहुतांशी तोंडीच आहेत. आपल्या महाविद्यालयांतील इतिहास विभागांनी त्या वेळीच लिहून घ्याव्यात. आणि त्यांच्यापैकी कोणाला घुग्घुस-मूल-गडचिरोली या वाटेने पुन्हा एकदा सायकलवर जावेसे वाटले, तर गुडघ्यांनी साथ सोडल्यावर मोटारीने दिलेल्या साथीला कमी लेखण्याचे कारण नाही. दुबळ्या शरीराला सोबत घेऊन पुढे जाणे, हाच तर त्या पहिल्या यात्रेचा अर्थ होता.